उभं मॅटर

माझ्या डाव्या हाताला एक खोड आहे. वाक्य संपलं की करंगळी आपसूक कंट्रोलवर जाते आणि अनामिका एसवर टेकते. दारावरची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, फोन आला, तरी आधी कंट्रोल एस, मग बाकीचं. लेक हसते. ती ज्यात लिहिते तिथे सेव्हचं बटणच नाही. "आई, अगं ते आपोआप होतं. तू सारखं काय दाबतेस?" एकदा तिच्याच लॅपटॉपवर सवयीनं दाबलं गेलं, तर वरच्या बाजूला 'सेव्ह झालं आहे' अशा अर्थाची ओळ उमटली. ते वाचून मला बरं वाटलं. आमच्यासारखी माणसं अजून शिल्लक आहेत, हे त्या बनवणाऱ्यांना ठाऊक असणार.

ही खोड मला लागली गिरगावात. पण तिची गोष्ट सांगायची तर बाबांपासून सुरू करावी लागेल.

बाबा जुळारी. म्हणजे कंपोझिटर, छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे. केस म्हणजे खणाखणांची लाकडी पेटी, तिच्यातल्या घरातून एकेक खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत, म्हणजे स्टिकमध्ये लावायचा, ओळ भरली की गॅलीत, म्हणजे लांबट तबकात सरकवायची. मराठीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरं लागतात, जोडाक्षरांची वेगळी, काना-मात्रांची वेगळी. बाबा डोळे न फिरवता हात टाकायचे. मी लहान असताना त्यांच्या कामातली जी गोष्ट मला अजिबात पटत नसे ती ही, की पान छापून झालं की ते मोडायचं. खिळे धुवायचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. त्याला ते मॅटर सोडणं म्हणत. दिवसभर खपून जुळवलेलं पान दुसऱ्या दिवशी नाहीसं, आणि त्याच खिळ्यांतून कुणाची तरी लग्नपत्रिका. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढलं तेव्हाही तेच होतं म्हणा. एक पान झालं की दगड घासून दुसऱ्या पानासाठी कोरा करायचा.

मात्र काही मॅटर सोडत नसत. पुन्हा छापावं लागेल असा अंदाज असेल तर पान दोऱ्यानं घट्ट बांधायचं, कागदात गुंडाळायचं आणि फळीवर ठेवून द्यायचं. ते उभं मॅटर. यात मेख अशी की उभ्या मॅटरमधले खिळे अडकून पडतात. दहा पानं उभी ठेवली की 'र'चं घर रिकामं, आणि शेजारी नवं काम जुळवणारा हात चोळत बसलेला. त्यामुळे प्रत्येक पान छापून आलं की मालक विचारायचे, "ठेवायचं की सोडायचं?" आणि बाबांना तिथल्या तिथे सांगावं लागे. लग्नपत्रिका सोड. किराणा दुकानाची भावपत्रकं ठेव, आकडे तेवढे बदलायचे. एकदा एका कवितासंग्रहाचे शेवटचे दोन फर्मे, म्हणजे एकदम छापायला एकत्र आवळलेल्या पानांचे दोन गट, बाबांनी सहा महिने उभे ठेवले. दुसरी आवृत्ती काही निघाली नाही. त्यावरून बाबांना छापखान्यात बरीच वर्षं चिडवत. कवी मात्र दर दिवाळीला भेटायला यायचा.

१९९६ साली मी गिरगावातल्या एका डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून देणाऱ्या दुकानात लागले. मालकांना सगळे अण्णा म्हणत. ते बाबांना ओळखत होते, म्हणून मला मुलाखत वगैरे झाली नाही. "बोटं बापाची आहेत का बघू," एवढंच म्हणाले. तीन संगणक, एक लेझर प्रिंटर, बटर पेपरची रिळं, आणि भिंतीवर खडूनं लिहिलेलं 'एस मारला का?' दुपारी जेवायच्या वेळी, कुणी उठला की, कुणी नुसतं वळलं तरी अण्णा तेच विचारायचे. "पोरी, एस मारलास का?"

त्या दिवसांत आम्ही पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमवर काम करायचो, आणि पेजमेकरची एक गंमत फार थोड्यांना माहीत होती. तुम्ही सेव्ह केलं नाही तरी दुसऱ्या पानावर गेलात की तो गुपचूप स्वतःपुरतं एक सेव्ह करून ठेवायचा. मिनी-सेव्ह म्हणत त्याला. शिफ्ट दाबून फाइलच्या मेनूतलं रिव्हर्ट निवडलं की तिथवर परत जाता यायचं. आणि मशीन अचानक बंद पडलं तरी फाइल पुन्हा उघडल्यावर तेवढं काम हाती लागायचं. अण्णांनी याचा एक वाक्प्रचारच केला होता. कुणाचं काम गेलं की ते आधी विचारायचे, "पान उलटलं होतंस का?" मग आम्हीही लांबलचक मजकूर बसवताना मध्येच पुढच्या पानावर जाऊन यायचो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून परत आत आल्यासारखं.

१९९८ च्या ऑक्टोबरात एका दिवाळी अंकाचं वार्षिक राशिभविष्य माझ्याकडे होतं. समोरासमोरची दोन पानं, मध्ये मोठं राशिचक्र, भोवती बारा चौकटी. ज्योतिषीबुवांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मेषेपासून सुरू केलं आणि तंद्री लागली. चौकटी बसत गेल्या, एकही ओळ लोंबली नाही, शीर्षकं जागच्या जागी. वृश्चिक संपवून धनूला हात घातला आणि मागच्या खोलीत चहाची किटली लावायला गेलेल्या पोऱ्यानं प्लग खुपसला. फ्यूज उडाला. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी गणपतीतच गेली होती आणि ती बदलणं दिवाळीचे पैसे येईपर्यंत पुढे ढकललेलं होतं.

एस मारला नव्हता. पानही उलटलं नव्हतं, कारण समोरासमोरची दोन्ही पानं पडद्यावर एकदमच दिसायची, जायचं कुठे? फाइल उघडली तेव्हा राशिचक्र होतं आणि अर्धी मेष होती. अण्णा मागे येऊन उभे राहिले. मी रडायच्या बेतात. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "माझी वृश्चिक. गेली ना? वाटलंच होतं मला यंदाचं वर्ष." आणि स्वतः पोऱ्याला घेऊन फ्यूजची तार आणायला गेले. रात्री साडेअकराला पुन्हा मीन राशीपर्यंत पोचले. दुसऱ्यांदा बसवलेलं पान पहिल्याइतकं सुबक नव्हतं, हे मला आणि अण्णांनाच माहीत.

त्या रात्री चर्नी रोडच्या फलाटावर जे सुचलं ते मला अजून खरं वाटतं. आपण सेव्ह करायला विसरतो ते कंटाळवाणं काम करताना नाही. तेव्हा तर माणूस दर मिनिटाला थांबतो, डोळे चोळतो, एस मारतो. विसरतो ते हात चालत असतो तेव्हा. म्हणजे हातानं सेव्ह करणाऱ्याचं जे जातं ते नेमकं चांगलंच जातं. याचा पुढचा धडा मात्र मी घेतला नाही. रोज एस मारला म्हणजे काम सुरक्षित, अशी माझी पक्की समजूत झाली.

फ्लॉपीचं सांगायला हवं. १.४४ एमबीची साडेतीन इंची चकती, जिचं चित्र अजूनही सेव्हच्या बटणावर असतं आणि माझ्या लेकीच्या वर्गातल्या एका मुलाला ते टीव्हीचं वाटायचं. पानं छापायला लोअर परळला जायची. अण्णांचा नियम असा की एकाच फाइलच्या दोन फ्लॉप्या न्यायच्या, आणि निघण्याआधी दोन्ही शेजारच्या मशीनवर उघडून बघायच्या. "ज्यावर केलं त्यावर उघडतंच गं. दुसरीकडे उघडलं तर ते खरं." लोकलमध्ये मोटारीच्या डब्यात बसायचं नाही, तिथल्या विजेनं फ्लॉपी पुसली जाते, हाही त्यांचाच नियम. त्यात तथ्य किती होतं देव जाणे, पण दहा वर्षं मी मोटारीचा डबा टाळला.

बाबांचा छापखाना तोवर बंद पडला होता. ते घरी असत. तेव्हा आम्ही कलिन्याला बैठ्या चाळीत राहायचो. २००२ च्या सुमारास मी एक जुना संगणक घरी आणला आणि संध्याकाळी बाबांकडून छापखान्यातले शब्द उतरवून घ्यायला लागले. शब्द आणि त्यामागचं काम. फर्मा कसा आवळतात, खिळे सांडून मिसळले तर काय म्हणतात, शिसं कमी पडलं की ओळीत काय भरतात. आधी ते दोन शब्द सांगून पेपर उघडायचे. मग रंगायला लागले. अडीच वर्षांत चाळीसेक पानं झाली. मी दर वाक्याला एस मारत होते. संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलानं सुचवलं, "दुसरी हार्ड डिस्क टाकून घ्या, बॅकअप राहील." टाकली. दर रविवारी सगळं पहिल्या डिस्कवरून दुसरीवर उतरवायचे. दोन्ही डिस्का एकाच डब्यात, डबा टेबलाखाली जमिनीवर.

२६ जुलै २००५ ला मी दुकानात होते. गिरगावात पाऊस होता, पण मुंबईकराने छत्री उघडून पुढे चालावं एवढाच. कुलाब्याच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ७३ मिलिमीटर नोंदला गेला. आमच्या कलिन्याला लागूनच्या सांताक्रूझला ९४४. एकच शहर, मधे वीस-पंचवीस किलोमीटर. गाड्या बंद, फोन बंद. रात्र दुकानात बटर पेपरच्या रिळांना टेकून काढली. दुसऱ्या दिवशी थोडी बस, बाकी पायी, असं करत घरी पोचले तर आई-बाबा पलीकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, आणि आमच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीला चिखलाची सरळ रेघ. कुणी पट्टीनं मारल्यासारखी. टेबल उलटं झालं होतं. डब्याच्या झाकणातून गाळ निथळत होता.

गिरगावातल्या माझ्या खणात एक सीडी टाकून ठेवली असती तर? दुकान कोरडं होतं. खण कोरडा होता. मी रोज तिथे जात होते.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका माणसाकडे दोन्ही डिस्का नेल्या. त्यानं एक कानाशी धरून हळूच हलवली, कलिंगड बघावं तशी. "निघेल बहुतेक," म्हणाला, आणि आकडा सांगितला. माझ्या तीन पगारांहून जास्त. घरी गाद्या नव्हत्या, गॅसची शेगडी नव्हती. मी बाबांना विचारलं. ते पायावर औषध चोळत होते, पाण्यात काहीतरी लागलं होतं. वर न बघता म्हणाले, "सोड."

त्या एका शब्दावर मी फार विचार केला आहे. त्यांच्या दृष्टीनं तो रोजचाच निर्णय होता. पण छापखान्यात मॅटर सोडायचं ते छापून झाल्यावर. हे छापलं कुठे होतं?

आता आईबद्दल. आमच्या आईला संगणक म्हणजे धूळ पुसायची वस्तू. पण तिचा झेरॉक्सचा नेम होता. घरात कुठलाही महत्त्वाचा कागद आला की तीन झेरॉक्स. एक कपाटात, एक प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर, एक साताऱ्याला मामाकडे. प्रत्येक झेरॉक्सच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं असे, कशाची, कधीची, मूळ कुठे आहे. आम्ही तिची टर उडवायचो. पुढे वाचनात आलं की पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकारानं तीन-दोन-एक असा नियम सांगितला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. जगभर संगणकवाले तो नियम सांगतात. आईचं मधलं दोन तेवढं चुकत होतं, सगळंच कागदावर. बाकी तीन आणि एक चोख.

पंचनाम्याला आलेल्या माणसानं रेशनकार्ड मागितलं तेव्हा माळ्यावरची पिशवी खाली आली. तिच्या गाठी सोडवताना आतून अकरा पानं निघाली. बाबांच्या शब्दांची. मी कधीतरी दुकानातून छापून आणलेला कच्चा खर्डा, बाबांनी समासात दुरुस्त्या केलेला. आईनं त्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. मागे पेन्सिलीनं: 'ह्यांचं अक्षर आहे.' मूळ प्रत पाण्यात गेली होती, झेरॉक्स राहिली. बाकीची तीसेक पानं बाबांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. पण त्यांना वाटे, हे तर आपण सांगितलंय, आणि ते घाईत पुढे जात.

जे बुडालं नाही तेही सगळं वाचलं असं नाही. दुकानातल्या जुन्या सीड्या काही वर्षांनी उघडल्या तर फाइल शाबूत, अक्षरं अगम्य. डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. तो फॉन्ट नसेल तर मागे उरते ती जागा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होतीच, पण ती आमच्या हाती आली विंडोज २००० बरोबर, मंगल या फॉन्टमधून. तो आखला आयआयटी मुंबईत शिकवलेल्या र. कृ. जोशींनी. आज दिसायला कुणी मंगलचं कौतुक करत नाही. मी करते.

आता सगळं आपोआप. आणि मी त्याविरुद्ध मुळीच नाही. पुन्हा फ्लॉप्या घेऊन लोअर परळला जा म्हटलं तर मी जाणार नाही. फक्त 'आपोआप' या एका शब्दाखाली बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी नांदतात, आणि त्या एकच आहेत असं वाटलं की फसगत होते. वर्ड दर दहा मिनिटांनी जे बाजूला ठेवतो ते अपघातापुरतं. नीट बंद करताना 'नको' म्हटलंत की त्याचा भरवसा धरू नये. ऑनलाइन फाइल अक्षरागणिक साठवली जाते, पण तीच एक फाइल. आणि फोन आणि संगणकामधलं सिंक म्हणजे तर आरसा. आरशासमोरून माणूस हटला की आरशातलाही हटतो. लेकीनं जागा करायला फोनमधले फोटो पुसले आणि 'बॅकअप आहे ना' म्हणत संगणक उघडला, तर तिथूनही पुसलेले. कचरापेटीत सापडले म्हणून निभावलं. कचरापेटीलाही मुदत असते, गूगल ड्राइव्हवर ३० दिवसांची.

माझी स्वतःची फजिती वेगळीच. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचं नवं माहितीपत्रक करायचं होतं. जुन्या दिवसांत मी आदल्या वर्षीची फाइल उघडून, बदल करून, 'सेव्ह ॲज' म्हणून नवं नाव द्यायचे. हात तसाच चालला. पण फाइल ढगातली, म्हणजे क्लाउडवरची, आपोआप साठवली जाणारी. मी नाव द्यायच्या आधीच आदल्या वर्षीच्या मजकुरावर यंदाचा चढलेला. चार दिवसांनी गिऱ्हाइकाला जुनं हवं होतं तेव्हा कळलं. ॲपलनं २०११ मध्ये मॅकच्या लायन या आवृत्तीत 'सेव्ह ॲज' काढून तिथे 'डुप्लिकेट' आणलं तेव्हा लोक चिडले होते. आता त्यामागचं कारण पटतं. सतत साठवणाऱ्या यंत्रात प्रत शेवटी काढून चालत नाही, कामाला हात लावण्याआधी काढावी लागते. आईही मूळ कागद कुणाच्या हाती देण्याआधीच झेरॉक्सवाल्याकडे जायची.

आवृत्त्यांच्या इतिहासात जुना मजकूर मिळाला. तो शोधताना मात्र जीव रमला. मंगळवार रात्री ११.४२. मंगळवार रात्री ११.४७. एक शब्द बदलला, परत तोच केला. एक परिच्छेद खोडला. सगळं ठेवलेलं. इथे 'र'चं घर कधी रिकामं होत नाही, म्हणून ठेवायचं की सोडायचं हे कुणी विचारतही नाही. त्या शंभरेक नोंदींत मी 'हं, इथवर ठीक' असं कुठे म्हटलं होतं ते काही दिसेना. मला वाटतं, माझी करंगळी अजून तेवढंच म्हणत असते.

आपोआपचं आणखी एक वाईट. हातानं केलेलं चुकलं तर बोंब होते. आपोआप चालणारं बंद पडलं तर आवाजच होत नाही. फुकटची जागा भरली, बॅकअप थांबला, कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसत राहिला आणि मी पाच महिने तो पुसून टाकत होते, डास मारावा तसा.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली. मुंबईची! लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी घरून काम करत होते. लॅपटॉपला बॅटरी होती, पण वायफाय गेलं आणि पडद्यावर 'ऑफलाइन' आलं. ढग म्हणजे ऐरोली-महापेच्या बाजूला दिसतात तशा बिनखिडक्यांच्या इमारती, कुणाचे तरी संगणक, हे एरवी आठवत नाही. त्या क्षणी आठवलं. मी सगळा मजकूर उचलून नोटपॅडमध्ये टाकला, एस मारला आणि मग चहा ठेवला.

आई गेल्यावर तिची कागदांची फाइल बोरिवलीला ताईकडे गेली. वरचा मजला, सहावा. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी एक छोटी हार्ड डिस्क घेऊन तिच्याकडे जाते आणि आधीची घेऊन येते. निघण्याआधी लेकीच्या लॅपटॉपवर लावून दोन-चार फाइली उघडून बघते. अण्णांचा नियम. ताई ती डिस्क कपाटात साड्यांखाली, आईच्या फाइलीला लागून ठेवते.

मागच्या खेपेला तिनं स्टिकर आणि पेन्सिल आणली. "यावर लिहायला नको का? आई लिहायची." मी म्हटलं, लिही की. तिनं पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. "काय आहे यात?"

मी बराच वेळ गप्प होते. दीड लाख फाइली. बाबांची अकरा पानं स्कॅन करून घातलीत, तीही त्यातच कुठेतरी.

"तारीख लिही," मी म्हटलं.